संकटकाळातील सरकारी पत्र आणि अडलेला माल

२०२० च्या एप्रिलच्या आरंभी भिवंडीहून नायगावला येणारी आमची कापडाची गाडी वाटेत एका नाक्यावर अडली. माल टाळेबंदीपूर्वी भरलेला, रमजानसाठी मागवलेला. बिल होते, बिल्टी होती. नाक्यावरचे उत्तर एकच : कापड जीवनावश्यक नाही. वास्तविक २९ मार्चलाच केंद्रीय गृहसचिवांनी सर्व राज्यांच्या मुख्य सचिवांना कळविले होते की, जीवनावश्यक व इतर असा भेद न करता सर्व मालाच्या वाहतुकीस मुभा आहे. पत्र दिल्लीहून निघाले होते, पण नाक्यावर पोहोचले नव्हते. गाडी चार दिवस खोटी झाली आणि हॉल्टिंग आमच्या अंगावर पडले.

नाक्यावरच्या शिपायाला दोष देऊन उपयोग नाही. त्याच्या हातात कागद नव्हता. कागद वरून खाली कसा येतो, हे आपण व्यापाऱ्यांनी समजून घेतले पाहिजे.

आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा आहे. त्यानुसार केंद्राचा आदेश राज्याकडे येतो, राज्याचा जिल्हाधिकाऱ्यांकडे. जिल्हाधिकारी जिल्हा आपत्ती प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. पोलीस अधीक्षक सदस्य असतात. तेथून वाटा फुटतात. महसूलचा कागद तहसीलला जातो, पोलिसांचा ठाण्याला, नगरपंचायतीचा मुख्याधिकाऱ्यांना. प्रत्येक ठिकाणी आवक नोंद, सही आणि पुन्हा जावक. एक वाट चालू राहिली आणि दुसरी तुंबली, तर तहसीलमध्ये जे माहीत असते ते नाक्यावर माहीत नसते.

हे केवळ आमच्याच बाबतीत घडले असे नव्हे. १२ एप्रिलला गृहमंत्रालयाला पुन्हा लिहावे लागले की ट्रक अडवू नयेत, रिकामा ट्रकही जाऊ द्यावा. ३० एप्रिलला तिसऱ्यांदा लिहिले की ट्रकसाठी वेगळ्या पासची गरज नाही. एकच गोष्ट महिन्याभरात तीनदा सांगावी लागली.

अशा वेळी व्यापारी बांधवांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. आदेशावर क्रमांक, तारीख, सही आणि कायद्याचे कलम आहे का, ते पाहावे. मोबाइलवर फिरणाऱ्या अर्ध्या फोटोवर विसंबू नये. नंतरचा आदेश निघाला असेल तर आधीचा बदललेला असू शकतो. आदेशाच्या शेवटी 'प्रत माहितीस्तव व कार्यवाहीस्तव' अशी यादी असते; तीत पोलीस खात्याचे नाव असेल तर ती ओळ अदबीने दाखवावी. संपूर्ण प्रत बिल्टीसोबत ड्रायव्हरजवळ द्यावी. तरीही अडचण आली तर जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक आहे.

आणखी एक. वाहतुकीची मुभा म्हणजे दुकान उघडण्याची मुभा नव्हे. त्या काळात हा घोटाळा पुष्कळांनी केला. आदेश मोडल्यास या कायद्याच्या कलम ५१ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो.

उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, ही ताकीद कुरआन शरीफच्या सूरह बकरामध्ये आहे. वहीखात्याला आपण ती लावतो. सरकारी आदेशांचीही एक फाईल प्रत्येक बाजारपेठेत कोणीतरी ठेवावी. पुढचे संकट पूर असो की साथ, निदान आपल्याजवळचा कागद तरी वेळेवर नाक्यावर पोहोचेल.