गाडी चालवणारी मी नव्हे!

मागच्या पावसाळ्यात अम्मीला मिरजेच्या एका दवाखान्यात दाखल केलं होतं. भाईजान तिथं होते. मी शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा टाकून कुंडलच्या स्टँडवर एस.टी.त बसले. खिडकीची जागा मिळाली, फोन पर्समध्ये टाकला, पर्स मांडीवर घेतली आणि बस गावाबाहेर पडता पडता डोळा लागला.

सांगलीला उतरल्यावर फोन काढून पाहिला तर भाईजानचे सात मिस्ड कॉल. एकाचीही रिंग वाजली नव्हती. डॉक्टरांना अम्मीचे हृदयाचे जुने कागद हवे होते, आणि ते होते माझ्या कुंडलच्या कपाटात. पहिला कॉल आला तेव्हा बस पलूसलासुद्धा पोहोचली नव्हती. तो कॉल कळला असता तर पलूसला उतरून, मागं जाऊन फाइल घेऊन पुढची गाडी धरली असती. त्याऐवजी सगळ्या तपासण्या नव्यानं झाल्या. रात्रीपासून उपाशी ठेवलेल्या अम्मीचं ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर गेलं, म्हणजे आणखी एक रात्र उपाशी.

भाईजाननी शेवटी साधा मेसेज पाठवला होता. त्याला माझ्या फोननं परस्पर इंग्रजीत उत्तर दिलं होतं, की मी गाडी चालवतेय, पोहोचल्यावर तुमचा मेसेज बघेन. भेटल्यावर भाईजान इतकंच म्हणाले, “आपा, तू गाडी कधी शिकलीस?” मला सायकलसुद्धा धड येत नाही.

फोन भाच्याचा जुना. त्यानं वापरून मला दिलेला, त्यातलं काय चालू आणि काय बंद हे मी कधी पाहिलंच नव्हतं. त्यामुळं दोष फोनला देत नाही. त्यात ‘ड्रायव्हिंग मोड’ नावाची सोय आपोआप सुरू होईल अशी ठेवलेली होती. माणूस गाडी चालवू लागला की फोन स्वतःहून गप्प होतो, कॉल-मेसेजचा आवाज येऊ देत नाही. हेतू चांगला आहे. अडचण एवढीच, की माणूस गाडी चालवतोय हे फोननं ओळखायचं कसं?

फोनमध्ये हालचाल मोजणारे बारीक सेन्सर असतात, जीपीएस असतो. चालणं, सायकल आणि मोटार यांच्या वेगातला आणि हादऱ्यातला फरक त्यावरून फोनला कळतो. पण मोटारीत आपण कुठं बसलोय हे कळत नाही. स्टिअरिंगमागचा ड्रायव्हर, शेजारचा कंडक्टर, मागच्या बाकावरची मी, सगळ्यांचा वेग एकच. मोटारसायकलवर मागं बसलेल्या बाईचंही तेच. म्हणून या मोडमध्ये ‘मी गाडी चालवत नाही’ असं सांगायचं एक बटण देतात. पण फोन पर्समध्ये आणि बाई झोपेत, तर ते बटण कोण दाबणार?

ही सोय तशी नवी नाही. आपल्याकडे २०१६ साली सॅमसंगनं गॅलेक्सी जे३ या फोनमध्ये ‘एस बाइक मोड’ आणला होता. फोन करणाऱ्याला ऐकू यायचं की समोरचा माणूस गाडीवर आहे, फारच निकड असेल तर एक दाबा. २०१७ मध्ये आयफोनमध्ये तशीच सोय आली, आणि तिथं ती आपोआप सुरू होऊ शकत होती. पुढं बऱ्याच कंपन्यांच्या फोनमध्ये ती कुठल्या ना कुठल्या नावानं आली.

आता बंद कशी करायची ते सांगते. हे मी नववीतल्या एका मुलाकडून शिकले, लाज वाटली नाही.

आयफोन असेल तर सेटिंग्जमध्ये ‘फोकस’ आणि त्यात ‘ड्रायव्हिंग’ उघडा. आत मोड केव्हा सुरू व्हावा याचे तीन पर्याय दिसतात: आपोआप, गाडीच्या ब्लूटूथला जोडल्यावर, किंवा आपण हातानं लावू तेव्हाच. ज्या बायका-माणसं बसनं, रेल्वेनं किंवा कुणाच्या तरी मागं बसून जातात त्यांनी तिसरा, ‘मॅन्युअली’ हा पर्याय निवडावा. तिथंच ‘कारप्ले’ला जोडल्यावर सुरू करण्याचं वेगळं बटण असतं. घरातल्या मोटारीला कारप्ले असेल तर तेही पाहून घ्या, नाहीतर एक दार लावलं आणि दुसरं उघडंच राहिलं असं होतं.

अलीकडच्या सॅमसंगमध्ये सेटिंग्जमध्ये ‘मोड्स अँड रूटीन्स’ आहे, त्यात ‘ड्रायव्हिंग’ उघडून तो केव्हा सुरू व्हावा ती अट काढून टाकायची. गूगलच्या पिक्सेलमध्येही ड्रायव्हिंग मोड आहे आणि तो ब्लूटूथवरून किंवा हालचालीवरून सुरू होऊ शकतो. बाकी कंपन्यांची नावं आणि जागा इतक्या वेगळ्या, की एकेक सांगत बसले तर अंक संपेल. सगळ्यांना चालणारा उपाय एकच: सेटिंग्जच्या वर शोधायची जागा असते, तिथं इंग्रजीत ‘ड्रायव्हिंग’ हा शब्द लिहा. काही सापडलं नाही तर ‘डू नॉट डिस्टर्ब’ शोधा आणि त्यातल्या वेळापत्रकात ड्रायव्हिंगचा नियम आहे का पाहा. असेल तर बंद करा.

मोड ठेवायचाच असेल, तरी आतल्या दोन गोष्टी तपासून घ्या. पहिली, कुणाचे कॉल येऊ द्यायचे ती यादी. त्यात घरची चार माणसं घाला. दुसरी, पुन्हा पुन्हा येणारा कॉल येऊ देण्याची सोय. ती चालू असली तर एकाच माणसाचा दुसरा कॉल लगेच आल्यावर वाजतो. आयफोनवर तीन मिनिटांच्या आत, अँड्रॉइडवर पंधरा मिनिटांच्या आत. माझ्या फोनवर ती बंद होती, नाहीतर भाईजानचा दुसराच कॉल मला जागं करून गेला असता. आणखी एक. आयफोनचं ते आपोआप जाणारं उत्तर नीट वाचलं तर त्यात लिहिलेलं असतं, की तातडीचं असेल तर ‘अर्जंट’ असं उलट पाठवा, मग मेसेज पोहोचतो. इंग्रजी चार ओळी दवाखान्याच्या जिन्यात उभं राहून कोण वाचतो? हे उत्तर साध्या मेसेजला जातं, व्हॉट्सॲपला नाही, हेही लक्षात असू द्या.

घरी येऊन मी तावातावानं सगळ्यांच्या फोनमधला हा मोड काढायला बसले. माझा काढला, सासूबाईंचा काढला, मुलीचा काढला. मुलाच्या फोनपाशी मुलांच्या अब्बांनी हात धरला. म्हणाले, “त्याचा कशाला काढतेस? तो गाडी चालवतो.”

तेव्हा भांडले, पण त्यांचं बरोबर होतं. आमच्या भागातला रस्ता गळीत हंगामात कसा असतो हे कुंडल-पलूसच्या माणसाला सांगायला नको. क्रांती कारखान्याकडं निघालेले ट्रॅक्टर, एकामागं दोन ट्रॉल्या, ऊस बाहेर लोंबत असलेला, आणि कितीकांना मागं दिवा नाही की लाल पट्टी नाही. हिवाळ्यात मगरिबच्या अजानीला अंधार पडलेला असतो. मुलगा त्याच वेळी मोटारसायकलवर परतत असतो. आणि त्याच वेळी त्याला फोन कोण करतं? बँकवाले नाहीत, मित्र नाहीत. मी करते. “कुठवर आलास? चहा टाकू का?” तो बिचारा एका हातानं हँडल धरून “आलो, आलो” म्हणतो. रमजानमध्ये तर इफ्तारच्या आधीच्या अर्ध्या तासात प्रत्येक घरातून हाच फोन जातो, आणि घाईत असलेला माणूस तो उचलतोच, कारण घरचा आहे.

कायदाही इथं स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. त्यानंतर गाडी चालवताना फोन हातात धरून वापरणं कलम १८४ खाली धोकादायक वाहन चालवण्यात धरलं जातं. पहिल्या वेळी एक हजार ते पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. २०२० पासून नियमात एवढी सूट आहे, की रस्ता पाहण्यापुरता फोन वापरता येतो, तोही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीनं. मागं बसलेल्यानं फोनवर बोलायला मात्र काही अडकाठी नाही. कायद्याला ड्रायव्हर आणि प्रवासी यांतला फरक कळतो, फोनला कळत नाही.

म्हणून आमच्या घरात आता असं ठरलंय. आम्हा बसनं फिरणाऱ्या बायकांच्या फोनमध्ये आपोआप काही सुरू होत नाही. मुलांच्या अब्बांच्या फोनमध्ये मोड मोटारीच्या ब्लूटूथला जोडलाय, म्हणजे ते किर्लोस्करवाडीहून रेल्वेनं मिरजेला गेले तर फोन वाजतो आणि स्वतः गाडी काढली तर गप्प बसतो. मुलगा कधी मोटारसायकलवर जातो, कधी एस.टी.नं. मोटारसायकलला ब्लूटूथ नाही. म्हणून त्यानं तो हातानं लावायचा, हेल्मेटचा पट्टा लावला की लगेच. पहिले आठ दिवस विसरायचा. आता सवय झालीय. कॉलच्या यादीत फक्त माझा आणि त्याच्या अब्बांचा नंबर, आणि आम्ही दोघांनी कबूल केलंय की तो रस्त्यावर असताना, आगच लागली नसेल तर, कॉल करायचा नाही.

कबूल केलं खरं. परवा साडेसात वाजून गेले, तो आला नव्हता. कॉल केला नाही, पण बोटं गप्प बसेनात, मेसेज टाकलाच: कुठवर आलास? लगेच इंग्रजीत उत्तर आलं, की मी गाडी चालवतोय. फोन फडताळावर ठेवला आणि भाकरी थापायला बसले. तिसरी भाकरी तव्यावर असताना दारात गाडी थांबली.