बर्फ जपणारा रस्ता

कॅनडाच्या युकॉन प्रदेशात, डॉसन सिटीच्या थोडं अलीकडे, क्लोंडाइक महामार्गावरून एक फाटा उत्तरेला वळतो. हा डेम्पस्टर हायवे. इथून निघताना पेट्रोलची टाकी काठोकाठ भरलेली हवी, कारण पुढचा पंप थेट ३६९ किलोमीटरवर, ईगल प्लेन्सला. मधे एकही गाव नाही. टूम्बस्टोन पर्वताचे काळे सुळके, ओगिल्वी पर्वतरांगा, ऑगस्टच्या शेवटाला लालभडक होणारा टुंड्रा आणि या सगळ्यातून उत्तर ध्रुववृत्त ओलांडून इनुविक गावापर्यंत जाणारा सुमारे ७४० किलोमीटरचा रस्ता. जवळजवळ सगळाच खडीचा.

एवढ्या श्रीमंत देशाला इथं डांबर परवडलं नाही की काय? प्रश्न पैशाचा नाही, पायाचा आहे. या रस्त्याखालची जमीन हजारो वर्षं गोठलेली आहे. उन्हाळ्यात वरचा थोडासा थर तेवढा सैल होतो, खाली माती आणि बर्फ एकजीव होऊन दगडासारखे घट्ट बसलेले असतात. बाकी जगात रस्ता करायचा म्हणजे आधी झाडझाडोरा काढून जमीन खरवडायची. इथं तसं केलं तर ऊन आत शिरतं, बर्फ वितळतो आणि रस्ता चिखलात बसतो. म्हणून अभियंत्यांनी उलटा विचार केला. शेवाळ आहे तिथंच ठेवायचं, खणायचं नाही आणि वर खडीचा जाड बांध घालायचा. बर्फवाला लादीवर भुसा आणि गोणपाट टाकतो, तसाच हा प्रकार. कित्येक ठिकाणी हा बांध माणसाच्या उंचीपेक्षाही जाड आहे. त्यातूनही जमीन थोडीफार हलतेच, पण खडी पुन्हा ओढून सारखी करता येते. डांबराला मात्र तडे जातात.

हे काम १९५९ साली सुरू झालं, मधे बरीच वर्षं रखडलं आणि १९७९ मध्ये रस्ता खुला झाला. नाव दिलं ते जॅक डेम्पस्टर या पोलिसाचं. १९१०च्या डिसेंबरात फोर्ट मॅकफर्सनहून डॉसनकडे कुत्र्यांच्या गाड्यांवर निघालेली चार जणांची पोलीस तुकडी वाट चुकली आणि परतीच्या वाटेवर संपली. पुढच्या मार्चमध्ये डेम्पस्टरनं त्यांचे मृतदेह शोधून काढले. त्या तुकडीनं या डोंगरांची ओळख असलेला, इथल्या ग्विचिन आदिवासींपैकी वाटाड्या शेवटपर्यंत सोबत ठेवला नव्हता. पोलिसांच्या धाडसाच्या गोष्टीत मला हीच ओळ सर्वांत महत्त्वाची वाटते.

आता डोंगरांकडे बघा. ओगिल्वीच्या माथ्यांवर चुनखडीचे बुरूज उभे दिसतात, पडक्या किल्ल्यांसारखे. इतक्या उत्तरेला ते टिकले कसे? हिमयुगात कॅनडाचा बहुतेक भाग बर्फाच्या प्रचंड थराखाली रगडला गेला, पण इथल्या मोठ्या पट्ट्यावर तो थर कधी पोचलाच नाही. थंडी भरपूर होती, बर्फ पडायला लागणारी ओल नव्हती. प्रशांत महासागराकडून येणारे ढग दक्षिणेकडच्या उंच पर्वतांवरच रिकामे होत. हा पर्जन्यछायेचा प्रदेश. या मोकळ्या राहिलेल्या भूमीवर, तेव्हाच्या आशिया आणि अमेरिका जोडणाऱ्या पट्ट्यात, केसाळ मॅमथ आणि रानघोडे चरत. आज त्याच बाजूला हिवाळ्यात पॉर्क्युपाइन नावाच्या कळपातली कॅरिबू हरणं उतरतात.

पुढे पील आणि मॅकेंझी या दोन मोठ्या नद्या आडव्या येतात, आणि दोहोंवर पूल नाही. उन्हाळ्यात तराफ्यावरून गाडी पलीकडे न्यायची, हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरूनच चालवायची. बर्फ धरतानाचे आणि फुटतानाचे आठवडे दोन्ही बंद, म्हणजे रस्ताही बंद. वर्षातून दोनदा नदीपुढे मुकाट्यानं थांबणारा हा हायवे आहे.

इनुविकमध्ये घरं खांबांवर उभी आहेत आणि पाण्या-सांडपाण्याचे नळ जमिनीवरून पेटाऱ्यांतून धावतात; त्यांची ऊब मातीला लागू नये म्हणून. २०१७ पासून तिथून आणखी १३८ किलोमीटर पुढे, आर्क्टिक महासागराकाठच्या टुक्टोयाक्टुकपर्यंत बारमाही रस्ता झाला. त्याचा भराव मुख्यतः हिवाळ्यात घातला, जमीन गोठलेली असतानाच. टुक्टोयाक्टुकचा किनारा मात्र वितळतो आहे, ढासळतो आहे. समुद्राकाठची काही घरं मागे हलवावी लागली. खडी घालून जपलेला बर्फ तापत्या हवेपुढे किती टिकेल, हा प्रश्न आता रस्त्याची देखभाल करणाऱ्यांच्या रोजच्या कामाचा झाला आहे.

जाणार असाल तर दोन स्टेपन्या न्या, कारण धारदार खडी टायरला सोडत नाही. आणि फोटोच्या मोहात गाडी टुंड्रावर उतरवू नका. तिथं शेवाळावर उमटलेल्या चाकांच्या खुणा दशकानुदशकं जात नाहीत, आणि त्या खुणांखालचा बर्फ वितळू लागतो.