आमच्यामागे याचे कोण?
(द्वितीय वर्ष, कला)

बौद्धिक अक्षमता म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर लहान मूल उभे राहते. विशेष शाळा, रंगीत ठोकळे, गॅदरिंगमधला त्यांचा नाच. ही मुले मोठी होतात, त्यांचेही केस पिकतात, हे आपल्या ध्यानातच येत नाही. पन्नाशीच्या माणसालासुद्धा आपण 'मतिमंद मुलगा'च म्हणत आलो.

याला कारणही आहे. पूर्वी यांतले बरेच जण म्हातारपणापर्यंत पोहोचतच नसत. डाउन सिंड्रोमचे उदाहरण घ्या. एकविसाव्या क्रमांकाची गुणसूत्रे दोनाऐवजी तीन असली की ही अवस्था येते, हे १९५९ साली फ्रान्समधील संशोधकांनी दाखवून दिले. पाश्चात्त्य देशांत १९८० च्या सुमारास अशा व्यक्तीचे सरासरी आयुष्य पंचवीस वर्षांच्या आसपास होते. आज ते साठीच्या घरात गेले आहे. हृदयाच्या जन्मजात दोषांवर शस्त्रक्रिया होऊ लागल्या, हे त्यामागचे एक मोठे कारण.

आयुष्य वाढले, पण म्हातारपण लवकर आले. अल्झायमरच्या रोगात मेंदूत साचणाऱ्या प्रथिनाचे जनुक नेमके याच गुणसूत्रावर आहे. त्यामुळे चाळिशीतच मेंदूत त्या रोगाच्या खुणा दिसू लागतात आणि साठीपर्यंत निम्म्याहून अधिक जणांना स्मृतिभ्रंश गाठतो. शिवाय थायरॉइडचे विकार, मोतीबिंदू, बहिरेपणा. इतर कारणांनी बौद्धिक अक्षमता आलेल्यांचे असेच होते असे नाही. पण एक अडचण सर्वांना सारखीच. दाढ दुखते म्हणून कोणी आरडाओरडा करू लागला, तर घरचे आणि कधीकधी डॉक्टरही म्हणतात, "तो तसाच आहे." दुखणे तसेच राहून जाते.

चांगले जगणे म्हणजे काय, याचा अमेरिकन अभ्यासक रॉबर्ट शॅलॉक यांनी बराच विचार केला आहे. त्यांनी आठ अंगे सांगितली. आपण त्यांतली प्रकृती आणि पैसा ही दोनच धरून बसतो. नातीगोती, हक्क, समाजातला वावर आणि स्वतःचा निर्णय स्वतः घेणे ही त्यांतलीच आणखी अंगे. मला या शेवटच्याचे महत्त्व सर्वांत अधिक वाटते.

आमच्या आळीत एक आक्का आहेत. वय पंचावन्नच्या पुढे. जन्मभर पाणी भरले, धान्य निवडले, भावांची पोरे कडेवर वाढवली. आई वारली त्या दिवशी त्यांना शेजारी नेऊन बसवले. "तिला काय कळतंय!" असे सगळेच म्हणाले. पुढे कित्येक दिवस आक्का आईचे ताट वाढून ठेवीत होत्या. आता त्या सहा महिने थोरल्या भावाकडे आणि सहा महिने धाकट्याकडे असतात. दोघेही प्रेमाने करतात, उपाशी ठेवीत नाहीत. पण तुला कुठे राहायचे, असे त्यांना कोणी विचारल्याचे ऐकले नाही.

कायद्याने काही सोय केली आहे. अठरा वर्षे पूर्ण झाली की आईबाप आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, हे पुष्कळांना ठाऊक नसते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करता येतो. त्याच न्यासाच्या निरामय योजनेत एक लाखापर्यंत आरोग्यविम्याची तरतूद आहे. आक्कांच्या थोरल्या भावाला मी हे सांगितले, तर ते म्हणाले, "कागद कशाला? आम्ही आहोत की!" खरे आहे. पण त्यांचेच वय आता अडुसष्ट आहे.

"आमच्यामागे याचे कोण?" या एका प्रश्नापोटी पालकांनीच एकत्र येऊन काही ठिकाणी निवासी संस्था काढल्या, बदलापूरची 'आधार' ही त्यांपैकीच. अशा संस्था फार थोड्या आहेत. आणि तेथेही निव्वळ खाट आणि जेवण मिळून भागत नाही. आपले म्हणून एक कपाट हवे, खोलीत सोबत कोण असावे हे विचारलेले हवे, सकाळी करायला काही काम हवे. आम्ही वसतिगृहातली मुले भाजीवरून आणि दिवे बंद करण्याच्या वेळेवरून रेक्टरांशी भांडतो. आमचे तीन वर्षांत संपणार असते; त्यांना तिथेच म्हातारे व्हायचे असते.