बाळाची टाळू मऊ का असते? कवटीच्या घडणीमागे कोट्यवधी वर्षांचा इतिहास

नवजात बाळाच्या माथ्यावरील मऊ टाळू ही कवटीतील उणीव नसून तिच्या रचनेची गरज आहे. जन्माच्या वेळी कवटीची हाडे परस्परांशी घट्ट जुळलेली नसतात. त्यांच्यामधील लवचिक शिवणींमुळे प्रसूतीच्या वेळी ती किंचित एकमेकांवर सरकतात आणि पुढे वेगाने वाढणाऱ्या मेंदूला जागा मिळते.

मधल्या कानातील हाडे वगळता प्रौढ माणसाच्या कवटीत साधारणपणे 22 हाडे असतात. मात्र ती सर्व एकाच पद्धतीने तयार होत नाहीत. तळाचा बहुतांश भाग आधी कूर्चेचा बनतो आणि नंतर कठीण होतो. शार्क माशाची कवटी आयुष्यभर कूर्चेचीच राहते. माथ्याची हाडे मात्र पडद्यासारख्या ऊतीत थेट तयार होतात. प्राचीन माशांच्या डोक्यावरील हाडांच्या कवचाशी त्यांचे नाते जोडले जाते. चेहऱ्याची हाडे ‘न्यूरल क्रेस्ट’ या स्थलांतर करणाऱ्या भ्रूणपेशींपासून घडतात.

या इतिहासाचा सर्वांत ठळक पुरावा कानात आहे. जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ कार्ल रायखर्ट यांनी 1837 मध्ये डुकराच्या भ्रूणांचा अभ्यास करून दाखवले की, सस्तन प्राण्यांच्या कानातील हातोडी व ऐरण ही हाडे सरपटणाऱ्या प्राण्यांच्या जबड्याच्या सांध्यातील हाडांशी जुळतात. पुढे जीवाश्मांनीही त्याला दुजोरा दिला. सुमारे 20 कोटी वर्षांपूर्वीच्या ‘मॉर्गान्युकोडॉन’ या चिचुंद्रीएवढ्या प्राण्यात जबड्याचे जुने आणि नवे असे दोन्ही सांधे एकाच वेळी आढळतात. नव्या सांध्याने चावण्याचा भार उचलल्यावर जुनी हाडे ऐकण्याच्या कामी आली.

कवटीच्या घडणीत वेळेला मोठे महत्त्व आहे. शिवणी अकाली जुळल्यास ‘क्रॅनिओसिनोस्टोसिस’ हा विकार होतो. सुमारे 2,000 ते 2,500 जन्मांमागे एका बाळात तो आढळतो. त्यामुळे डोक्याचा आकार बिघडतो आणि काही बाळांमध्ये मेंदूवरील दाबही वाढू शकतो. वेळीच निदान झाल्यास शस्त्रक्रियेने उपचार करता येतात.

माथ्यावरील पुढची टाळू बहुतेक बाळांमध्ये दीड ते दोन वर्षांपर्यंत भरते. ती थोडी लवकर किंवा उशिरा भरणे म्हणजे आजारच असे नाही. बाळ शांत असताना टाळू उडताना दिसणे हेही स्वाभाविक आहे. मात्र ती फुगलेली किंवा खोल गेलेली दिसल्यास, अथवा डोक्याचा आकार उत्तरोत्तर वेडावाकडा होत असल्यास, बाळाला विनाविलंब डॉक्टरांना दाखवणे आवश्यक आहे.