नदीतील पान आणि ताऱ्यावरील डाग

पावसाळ्यात फलटणच्या बाणगंगेला पाणी आले, म्हणजे काठावर उभे राहून वाहणारी पाने पाहावीत. मधल्या धारेतील पान वेगाने पुढे जाते. काठाजवळचे मागे रेंगाळते. प्रवाहाचा वेग सगळीकडे सारखा नसतो, हे आपणांस पानांमुळे कळते.

सूर्याचेही तसेच आहे. पृथ्वी घन असल्यामुळे तिचे सर्व भाग एकाच वेळेत एक फेरी पुरी करतात. सूर्य हा तप्त वायूंचा गोळा आहे. त्याच्या विषुववृत्ताजवळचा भाग सुमारे २५ दिवसांत स्वतःभोवती फिरतो. ध्रुवांजवळच्या भागास सुमारे ३५ दिवस लागतात. येथे पानांचे काम सूर्यावरील काळे डाग करतात. रिचर्ड कॅरिंग्टन या इंग्रज ज्योतिर्विदाने १८५३ पासून सात वर्षांहून अधिक काळ डागांच्या जागा टिपल्या व वेगांतील हा फरक दाखवून दिला. आपल्या देशात कोडाईकनालच्या वेधशाळेतील सूर्याच्या छायाचित्रांवरूनही तो मोजला गेला. पुण्याची महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा १९१२ साली बंद झाली, तेव्हा तिची उपकरणे याच कोडाईकनालला गेली.

परंतु दूरचे तारे तर नुसत्या ठिपक्यांसारखे दिसतात. मग त्यांच्यावरील डाग कसे पाहावेत? ज्योतिर्विद ताऱ्याच्या प्रकाशाचा वर्णपट पाडतात. त्यात बारीक काळ्या रेषा असतात. फिरणाऱ्या ताऱ्याची एक बाजू आपल्याकडे येत असते. तिच्या प्रकाशातील रेषा किंचित निळ्या रंगाकडे सरकतात. दुसरी बाजू दूर जात असते. तिच्या रेषा तांबड्या रंगाकडे सरकतात. म्हणून प्रत्येक रेषा रुंद दिसते. डाग एका बाजूकडून दुसरीकडे जाऊ लागला, की त्याची खूणही रेषेच्या निळ्या कडेपासून तांबड्या कडेकडे सरकते. विषुववृत्तावरील डागाची खूण रेषेची सर्व रुंदी ओलांडते. ध्रुवाजवळच्या डागाची खूण मध्यभागीच हलते. या खुणांवरून ताऱ्याचा नकाशा तयार होतो. काही दिवसांनी पुन्हा नकाशा काढला, की कोणता डाग किती पुढे गेला हे समजते.

एबी डोराडस हा सूर्यासारखा, परंतु वयाने फार लहान असा तारा आहे. तो सुमारे बारा तासांतच एक फेरी पुरी करतो, म्हणजे सूर्याच्या सुमारे पन्नासपट वेगाने फिरतो. तेव्हा त्याच्या वेगांतील फरकही पन्नासपट असेल, असे कोणासही वाटेल. तथापि १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत निराळेच आढळले. त्याच्या विषुववृत्तास ध्रुवापेक्षा एक पूर्ण फेरी पुढे जाण्यास सुमारे ११० दिवस लागले. सूर्याच्या बाबतीतही हा काळ तीन-चार महिन्यांचाच आहे!

वेगांतील या फरकामुळे सूर्याचे चुंबकीय क्षेत्र ताणले जाते व त्यातून डाग आणि वादळे उद्भवतात. अशाच एका सौरवादळाने १९८९ साली कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील वीज बंद पाडली होती. सूर्याचे वय आज सुमारे ४६० कोटी वर्षे आहे. त्याचे बालपण कोणी पाहिलेले नाही; परंतु तरुण ताऱ्यांवरील डागांचा माग काढून आपण ते जाणून घेऊ लागलो आहोत.