पाय न टेकता : जुन्या ट्रायल्स मोटारसायकलींची निगा आणि फेरबदल

मोटारसायकलच्या ज्या स्पर्धेत वेगाला काडीची किंमत नाही, तिचे नाव ट्रायल्स. ओढ्याचे पात्र, शेवाळलेल्या दगडांची चढण, मुळांनी भरलेली घसरडी पायवाट अशा ठिकाणी छोटे छोटे टप्पे आखले जातात आणि स्वाराने प्रत्येक टप्पा जमिनीला पाय न लावता पार करायचा असतो. पाय एकदा टेकला तर एक दंडगुण, दोनदा टेकला तर दोन, त्यापुढे कितीही वेळा टेकला तरी तीन. गाडी पडली, हद्दीबाहेर गेली किंवा टप्पा पुराच झाला नाही, तर पाच. नियमांचे तपशील काळानुसार बदलत गेले, पण सर्वांत कमी दंड होईल तो विजेता हा हिशेब कायम राहिला. १९६१ च्या स्कॉटिश सिक्स डेज ट्रायलमध्ये गॉर्डन जॅक्सन यांनी ३५० सीसीच्या एजेएसवर संपूर्ण स्पर्धेत फक्त एक गुण गमावला. ब्रिटिश ट्रायल्सच्या इतिहासात त्या एका टेकलेल्या पावलाइतकी चर्चा क्वचितच दुसऱ्या कशाची झाली असेल.

चालत्या माणसापेक्षाही हळू जायचे, पण बंद पडायचे नाही. या गाडीकडून एवढीच अपेक्षा असते आणि तिच्यातले सगळे दोष व सगळे फेरबदल या एका अपेक्षेपोटी येतात. हमरस्त्यावर वर्षानुवर्षे खपून जाणारी बारीक खोड येथे पहिल्याच चढणीवर उघडी पडते.

दुसऱ्या महायुद्धानंतरची पहिली काही वर्षे या खेळात मोठ्या, चार स्ट्रोकच्या, एक सिलिंडरी ब्रिटिश गाड्यांचे राज्य होते. ह्यू व्हायनी यांनी १९४७ ते १९४९ अशी सलग तीन वर्षे स्कॉटिश स्पर्धा एजेएसवर जिंकली. तेव्हाच्या गाड्यांना मागे स्प्रिंग नसे. मागचे चाक चौकटीला घट्ट जखडलेले असेल तरच पकड चांगली मिळते, असे जाणकार छातीठोकपणे सांगत. त्या समजाला धक्का दिला रॉयल एनफिल्डच्या बुलेटने. १९४८ च्या सुरुवातीला कोलमोर कप ट्रायलमध्ये मागे स्विंगआर्म आणि शॉकअब असलेले तिचे नमुने उतरले आणि पुढे जॉनी ब्रिटन यांनी १९५२ व १९५७ साली स्कॉटिश स्पर्धा एनफिल्डवर जिंकून वाद मिटवला. भारतात गावोगावी दिसणाऱ्या बुलेटचा जन्म असा थेट ट्रायल्सच्या चिखलातला आहे.

त्यानंतर वजनावर घाव पडू लागले. १९५९ ते १९६९ अशी सलग ११ वर्षे ब्रिटिश विजेतेपद राखणाऱ्या सॅमी मिलर यांची ५०० सीसी एरियल, जिचा नोंदणी क्रमांक ‘जीओव्ही १३२’ गाडीइतकाच प्रसिद्ध झाला, अनेक वर्षांच्या तासणी-घासणीनंतर सुमारे ११० किलोंवर आली. हलक्या नळ्यांची चौकट, अॅल्युमिनियम, फायबरग्लास, जे सापडेल ते त्यांनी वापरले. पुढे स्पेनमधील बुल्टाकोसाठी त्यांनीच १९६४ मध्ये दोन स्ट्रोकची शेर्पा टी घडवली आणि १९६५ मध्ये तिच्यावर स्कॉटिश स्पर्धा जिंकून आपल्याच एरियलला निवृत्त केले. मोंटेसाची कोटा, ओसाची मिक अँड्र्यूज रेप्लिका, यामाहाची टीवाय या त्यानंतरच्या गाड्या. १९८० च्या दशकात मागे एकच शॉकअब असलेल्या गाड्या आल्या आणि जुना काळ संपला. आज जुन्या गाड्यांच्या स्पर्धांत दोन मोठे गट दिसतात. १९६५ पूर्वीच्या घडणीच्या गाड्या एका गटात, आणि दोन शॉकअब, हवेने थंड होणारे इंजिन व ड्रम ब्रेक असलेल्या त्यानंतरच्या गाड्या दुसऱ्या गटात.

देखभालीची सुरुवात कार्बोरेटरपासून करणे शहाणपणाचे. ट्रायल्सचा स्वार थ्रॉटल जेमतेम पाव भाग उघडतो, त्यामुळे मुख्य जेट कोणता बसवला आहे याला फारसे महत्त्व उरत नाही. सगळा कारभार पायलट जेट आणि थ्रॉटल स्लाइडच्या खालच्या कापाकडे असतो. जुन्या ब्रिटिश आणि स्पॅनिश गाड्यांवर सर्रास आढळणाऱ्या अमल कार्बोरेटरमध्ये स्लाइड आणि तिचे घर दोन्ही मऊ जस्तमिश्रित धातूचे असतात. ते एकमेकांवर घासून झिजले की बाजूने हवा शिरते आणि इंजिन कधी उंच सुरात फिरते, कधी आचके देऊन मरते. अशा वेळी स्क्रू फिरवत बसण्यात अर्थ नसतो. नवी, कठीण थर दिलेली अॅल्युमिनियमची स्लाइड किंवा नवा कार्बोरेटर हाच इलाज. दुसरी खोड माणसाने लावलेली असते. कार्बोरेटरचे नट जोर लावून आवळले की त्याची पाटी वाकते आणि पुन्हा हवा आत येते. काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून ती पाटी घासली की सपाट होते. पायलटचे छिद्र केसासारखे बारीक असते, पेट्रोल सुकून राहिले की ते बुजते. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्बोरेटरची वाटी रिकामी करून ठेवलेली बरी.

पेट्रोलच आता पूर्वीचे राहिलेले नाही. ब्रिटनमध्ये २०२१ पासून १० टक्के इथेनॉलचे पेट्रोल सर्वसाधारण झाले, भारतात हे प्रमाण २० टक्क्यांवर गेले आहे. इथेनॉल हवेतले पाणी शोषते, जुन्या रबरी नळ्या फुगवते आणि टाकीला आतून गंज आणते. सर्वांत वाईट गत स्पॅनिश गाड्यांच्या फायबरग्लासच्या टाक्यांची होते. त्यातले रेझिन मऊ पडून विरघळते आणि तो चिकट रस पिस्टनपर्यंत पोहोचतो. आतून इथेनॉलला दाद न देणारे अस्तर द्यावे, किंवा त्याच आकाराची अॅल्युमिनियमची टाकी करून घेऊन मूळ टाकी फडताळात ठेवावी. दुसरा मार्ग अधिक निर्धोक.

ठिणगीच्या बाबतीत ब्रिटिश चार स्ट्रोक गाड्यांचे दुखणे ठरलेले आहे: सकाळी थंड गाडी एका किकमध्ये सुरू होते आणि तासाभराने तापल्यावर मुळीच होत नाही. मॅग्नेटोच्या आत फिरणाऱ्या आर्मेचरमध्येच कंडेन्सर दडलेला असतो आणि उष्णतेने तो कामातून जातो. तो बदलण्यासाठी सगळा मॅग्नेटो खोलावा लागतो, म्हणून कित्येक मालक आधी प्लग, पॉइंट, वायर सगळे बदलून पाहतात आणि खऱ्या गुन्हेगाराकडे शेवटी वळतात. ट्रायम्फ टायगर कब आणि बीएसए सी१५ यांच्या ट्रायल्स आवृत्त्यांवर लुकासची बॅटरीविना चालणारी ‘एनर्जी ट्रान्सफर’ पद्धत होती. तिच्यात पॉइंट उघडण्याचा क्षण अल्टरनेटरच्या लाटेशी तंतोतंत जुळावा लागतो, किंचित चुकला तरी ठिणगी मरते. येथे इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवणाऱ्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही.

दोन स्ट्रोकच्या गाडीत क्रँकच्या दोन्ही टोकांची ऑइल सील पाहावीत. क्लचच्या बाजूचे सील गेले की इंजिन तिकडचे ऑइल ओढते आणि पांढरा धूर सोडते. फ्लायव्हीलच्या बाजूचे गेले की हवा ओढते, मिश्रण पातळ होते, इंजिन तापते आणि बंद केले तरी फिरत राहते. पहिला दोष सगळ्यांना दिसतो, दुसरा पिस्टन जाम झाल्यावर कळतो. जुन्या पुस्तिकांत पेट्रोल-ऑइलचे प्रमाण २० ला १ असे दिलेले असते, पण ते त्या काळच्या खनिज ऑइलसाठी होते. आजच्या सिंथेटिक ऑइलवर बहुतेक स्पॅनिश गाड्या ४० ला १ च्या आसपास बिनतक्रार चालतात, प्लगही कमी काळवंडतो. ज्या जुन्या व्हिलियर्स इंजिनांत साधे बुश आहेत, तेथे मात्र ऑइलच्या बाबतीत हात सैल ठेवावा.

चाकांकडे वळले की ट्रायल्सचे वेगळेपण ताबडतोब लक्षात येते. पुढे २१ इंची, मागे १८ इंची चाक हे नंतर रूढ झालेले माप. मागच्या टायरमध्ये हवा फक्त ४ पीएसआयच्या आसपास, पुढे थोडी अधिक. रस्त्यावरच्या गाडीत याच्या सहा-सातपट असते. एवढ्या कमी हवेत टायर दगडावर पसरतो आणि धरतो, पण रिमवर सरकतोही. तो सरकला की ट्यूबचा व्हॉल्व्ह मुळापासून उपटतो. म्हणून टायरची कड रिमशी आवळून धरणारे रिमलॉक सुस्थितीत हवेत. ओढ्यातून आल्यावर ड्रम उघडून वाळवणे, चाकांच्या बेअरिंगमध्ये ताजे ग्रीस भरणे, तारांचा ताण बोटाने वाजवून पाहणे ही कामे कंटाळवाणी खरी, पण स्विंगआर्मचे बुश आणि फूटरेस्टजवळची चौकटीची तडही याच वेळी नजरेस पडते.

फेरबदलांत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गुणकारी बदल फूटरेस्टचा. पूर्वी स्वार बराच वेळ बसून गाडी चालवत. आजचा स्वार टप्प्यात उभाच असतो. फूटरेस्ट काही सेंटीमीटर मागे आणि खाली घेतले, रुंद व दातेरी केले, आणि त्या उंचीला साजेसा हँडल बसवला की तीच गाडी निम्म्या कष्टात वळते. त्यापाठोपाठ मागचे स्प्रॉकेट मोठे किंवा पुढचे लहान करून पहिला गिअर चालीच्या वेगावर आणायचा. सावकाश उघडणारी थ्रॉटल, हलका क्लच आणि स्वाराच्या वजनाला जुळणारे शॉकअब यांवर खर्च केलेला पैसा वाया जात नाही. इंजिनची ताकद वाढवणे मात्र बहुधा घातक ठरते. गरज असते ती जड फ्लायव्हीलची, म्हणजे थ्रॉटल मिटली तरी इंजिनचा पुढचा ठोका पडतो आणि चाक झटक्याने घसरत नाही. कित्येक जण फ्लायव्हीलला पितळी वा पोलादी कडे जोडतात ते याचसाठी.

यापुढचे बदल वादाचे. पुढच्या फोर्कचा कोन उभट करायचा, फोर्क धरणारे योक बदलायचे, जुन्या दिसणाऱ्या नळ्यांत नव्या गाडीचे डॅम्पर लपवायचे, हब नव्याने ओतून घ्यायचे. स्कॉटलंडमधील किनलॉकलेव्हन येथे दरवर्षी १९६५ पूर्वीच्या गाड्यांची नामांकित स्पर्धा होते. तेथे गाडी नियमांत बसते की नाही याची तपासणी होते, कारण टायगर कब किंवा बीएसए बँटमच्या नावाखाली उतरणाऱ्या काही गाड्यांत १९६५ पूर्वीचे असे नावालाच उरलेले असते. जर्मन डीकेडब्ल्यूच्या युद्धभरपाईत मिळालेल्या आराखड्यावरून बनलेली बँटम ही ब्रिटनमधली साधी, स्वस्त, टपालवाल्यांची गाडी. तिच्यावर आज नव्या गाडीच्या किमतीइतका खर्च होतो. ही कारागिरी थक्क करणारी आहे यात शंका नाही, पण मूळ घडणीतली गाडी घेऊन येणाऱ्याला तिच्याशी त्याच गटात झुंजावे लागणे अन्यायाचे आहे. झीज भरून काढणारा बदल आणि गाडीची ठेवणच पालटणारा बदल यांत नियमांनी स्पष्ट रेघ ओढायला हवी.

भारतात या विद्येचा उपयोग मुख्यतः बुलेटवर होऊ शकतो. १९५५ मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया स्थापन झाली आणि इंग्लंडमधले उत्पादन थांबल्यावरही ७० मिमी बोअर आणि ९० मिमी स्ट्रोकचे ते ३४६ सीसी इंजिन येथे दशकानुदशके बनत राहिले. लांब स्ट्रोक, कमी कॉम्प्रेशन, जड फ्लायव्हील हे ट्रायल्सला हवे असलेले गुण त्यात मुळातच आहेत. ब्रिटनमधल्या काही हौशी कारागिरांनी भारतीय बुलेटवरून ट्रायल्सच्या गाड्या बांधल्या त्या त्यामुळेच. जुन्या भारतीय बुलेटवर सहसा मॅग्नेटोऐवजी पॉइंट व कॉइल आणि अमलऐवजी मिककार्ब कार्बोरेटर असतो, म्हणजे वरची दोन मोठी दुखणी परस्पर टळतात. अडचण वजनाची. कंपनीने २०१९ मध्ये जॉनी ब्रिटन यांच्या सन्मानार्थ ‘बुलेट ट्रायल्स’ बाजारात आणली. उंच सायलेन्सर, एकेरी सीट आणि रंगीत चौकट होती, पण ३५० सीसीच्या आवृत्तीचे वजन १८० किलोंच्या वर भरले. मिलर यांच्या ५०० सीसी एरियलपेक्षा ७० किलोंहून जास्त. ती दिसायला ट्रायल्सची होती, चालायला नव्हे, आणि वर्षभरात विक्रीतून गेली.

जुन्या बुलेटवर काम करणाऱ्याने आधी मडगार्ड, साइड स्टँड, क्रॅशगार्ड, पेटी असे लोखंड उतरवावे, मग फूटरेस्ट आणि स्प्रॉकेटला हात घालावा. चौकट कापण्याची घाई करू नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या मूळ तपशिलांपासून वेगळे पडणारे बदल केलेले वाहन रस्त्यावर चालवता येत नाही, म्हणून अशी गाडी टेम्पोतून खासगी जागेत नेऊनच चालवावी, आणि उतरवलेला प्रत्येक मूळ भाग ग्रीस लावून, चिठ्ठी बांधून जपून ठेवावा.