उजीगामी शिंतो मंदिर : प्राचीनत्वाच्या जतनाचा विचार

प्रस्तावना : जपानमधील क्योतो शहराच्या दक्षिणेस वसलेल्या उजी नगरात येणारे बहुसंख्य प्रवासी ब्योदोइन बौद्ध मंदिरातील १०५३ सालचे फिनिक्स सभागृह पाहून परततात. नदीपलीकडील वनराईच्या पायथ्याशी असलेले उजीगामी मंदिर त्यामानाने उपेक्षित राहते. वस्तुतः या दोन्ही वास्तूंचा १९९४ साली जागतिक वारसा यादीत समावेश झाला. प्रस्तुत लेखात उजीगामीच्या आधारे वास्तुजतनाच्या संकल्पनेचा विचार केला आहे.

स्थान व रचना : तोरी या प्रवेशकमानीतून आत गेल्यावर समोर कामाकुरा काळातील उपासनागृह दिसते. त्याच्या पुढ्यात शुद्धीचे प्रतीक म्हणून वाळूचे दोन शंकू रचलेले असतात. बाजूस किरिहारा हा झरा आहे. उजीच्या सात प्रसिद्ध जलस्रोतांपैकी आज तोच टिकून आहे. उपासनागृहामागे मुख्य मंदिर आहे. तेथे राजपुत्र उजी नो वाकिइरात्सुको, त्याचे पिता सम्राट ओजिन व ज्येष्ठ बंधू सम्राट निन्तोकू यांची उपासना होते. थोरल्या भावाला सिंहासन मिळावे म्हणून या राजपुत्राने प्राणत्याग केला, अशी कथा 'निहोन शोकी' या ग्रंथात आहे.

काळाचा पुरावा : अभ्यागताला जाळीदार दर्शनी भागाची एकच इमारत दिसते, परंतु ते केवळ आवरण होय. त्याच्या आत तीन लहान देवगृहे शेजारी शेजारी उभी आहेत. लाकडातील वृक्षवलयांच्या अभ्यासातून २००४ साली त्यांचा काळ १०६० च्या सुमाराचा ठरला. जपानमधील अस्तित्वात असलेली ही सर्वांत जुनी शिंतो मंदिरवास्तू मानली जाते. ऊन-पावसापासून संरक्षण देणाऱ्या आवरणाचा तिच्या दीर्घायुष्यात निश्चितच वाटा आहे.

दोन परंपरा : याउलट इसे येथील महामंदिर दर वीस वर्षांनी नव्याने बांधण्याची प्रथा आहे. मध्ययुगातील खंड वगळता ती सातव्या शतकापासून चालत आली असून २०१३ साली बासष्टावे पुनर्निर्माण पार पडले. इसेमध्ये लाकूड नवे असते, मात्र आराखडा व कारागिरी जुनी. उजीगामीत मूळ लाकूडच जपले गेले आहे.

निष्कर्ष : तथापि हा भेद आत्यंतिक नाही. उजीगामीचे सायप्रस वृक्षाच्या सालीचे छप्परही काही दशकांनी नव्याने घालावे लागते. त्यासाठी साल काढणारे व ती रचणारे कुशल हात पिढ्यान्‌पिढ्या घडावे लागतात. म्हणजेच वस्तूचे जतन अंतिमतः कौशल्याच्या जतनावर अवलंबून असते. हे कौशल्य लोपल्यास हजार वर्षे टिकलेले लाकूडही उघडे पडेल.